व्हिडिओ गेमचा संग्रह थोडा हलका करताना: ईबेवरच्या लिलावाची वाटचाल

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये डोकावलं तर एखादं खोकं जुन्या गेमचं सापडतंच. मुलं कॉलेजला गेली, नोकरीला लागली, पण त्यांचे गेमबॉय, निन्टेंडो ६४ ची कार्ट्रिजं, प्लेस्टेशन २ च्या डिस्क तिथेच. काही घरांत जमवणारे आपणच असतो आणि आता शेल्फवर जागा उरलेली नसते. मग कधीतरी गराज सेलमध्ये सगळं खोकं वीस डॉलरला निघून जातं, आणि त्यातल्या एकट्या गेमची किंमत त्याच्या पाचपट होती हे नंतर कळतं. तसं होऊ नये म्हणून हा लेख. सगळा संग्रह विकायचा नाही, त्यातला काही भाग विकायचा आहे, आणि याआधी लिलावात कधी काही विकलेलं नाही, अशांसाठी लिहितो आहे. फी आणि टपालाचे तपशील अमेरिकेतले आहेत. कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हापूसची पेटी घेताना आपण वरचा थर उचलून खालचे आंबे बघतो. ईबेवरच्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही. कार्ट्रिज अस्सल आहे का, सेव्ह होतं का, डब्यात मॅन्युअल आहे का, यातली जी जी शंका त्याच्या मनात उरते ती तो आपल्या बोलीतून वजा करतो. तुमचं काम एवढंच, की लिलाव सुरू होण्याआधी त्या शंका संपवायच्या. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

काय ठेवायचं ते आधी ठरवा

विकायचे गेम निवडायला बसलात तर दिवसभर निर्णय होत नाही. उलट करा: ठेवायचे गेम आधी बाजूला काढा. ज्याच्याशी आठवण जोडलेली आहे, जो अजून खेळला जातो, जो परत मिळवायला फार महाग पडेल, तो ठेवा. उरलेल्यातून दोन-दोन प्रती असलेले गेम पहिल्यांदा विकायला काढा.

गेम मुलांचे असतील तर त्यांना विचारा, अगदी पस्तिशीच्या मुलालाही. त्या कार्ट्रिजमध्ये त्याने सातवीत वाढवलेले पोकेमॉन असतात. ते काढून ठेवायची संधी त्याला न देता गेम विकणं मला योग्य वाटत नाही.

नवीन खात्यावर पहिल्याच दिवशी सगळ्यात महागडी वस्तू लावू नका. ईबे नव्या विक्रेत्याला महिन्याला किती वस्तू आणि किती रकमेपर्यंत विकता येतील याची मर्यादा घालतं. शिवाय पहिल्या काही विक्रींचे पैसे काही काळ अडकवून ठेवू शकतं. आधी दहा-वीस डॉलरचे गेम विका, वेळेवर पाठवा, चांगले अभिप्राय जमू द्या. ज्याच्या खात्यावर एकही अभिप्राय नाही त्याच्याकडून दोनशे डॉलरचा गेम घ्यायला माणूस कचरतो.

मॅडन, जुने फिफा यांसारखे दरवर्षी निघत आलेले खेळांचे गेम एकेकटे विकायचा खटाटोप करू नका. त्यांच्या प्रती इतक्या आहेत की टपालखर्चही सुटत नाही. एकाच कन्सोलचे आठ-दहा गेम एकत्र बांधून एक लॉट करा.

भारतातून आणलेल्या वस्तूंबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेली ‘टीव्ही गेम’ची यंत्रं बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी कन्सोलच्या नकला होत्या, आणि ‘९९९९९९ इन १’ छापाची कार्ट्रिजं सरळसरळ पायरेटेड. ती ईबेवर विकायला परवानगी नाही. कॉपी केलेल्या प्लेस्टेशनच्या डिस्कचंही तेच. भारतात घेतलेल्या अस्सल प्लेस्टेशन २ च्या डिस्क मात्र विकता येतात. पण त्या पाल (अमेरिकेपेक्षा वेगळ्या टीव्ही पद्धतीच्या) विभागाच्या असतात, अमेरिकन कन्सोलवर चालत नाहीत. हे शीर्षकातच लिहा. प्लेस्टेशन ३ च्या डिस्कला ही अडचण सहसा येत नाही, आणि गेमबॉय, गेमबॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजना विभागाचं बंधन नाही.

अस्सल की नकली

इथे घाई करू नका. गेमबॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन गेमच्या नकला बाजारात इतक्या पसरल्या आहेत की घेणारा संशयानेच सुरुवात करतो. गराज सेलमधून किंवा मित्राकडून आलेलं कार्ट्रिज तुमच्या नकळत नकली असू शकतं.

पोकेमॉन एमराल्ड हातात घ्या. खिडकीपाशी जाऊन लेबल तिरपं धरा. अस्सल लेबलवर छापाव्यतिरिक्त दोन आकड्यांचा एक ठसा दाबून उमटवलेला असतो. सरळ बघितलं तर दिसत नाही, प्रकाश बाजूने पडला की उठून येतो. आता कार्ट्रिजच्या खालच्या फटीत बघा. सोनेरी पट्ट्यांच्या वर, हिरव्या बोर्डाच्या कडेला, ‘निन्टेंडो’ हे नाव बारीक अक्षरांत छापलेलं दिसायला हवं. एमराल्डचं कवच हिरवं आणि पारदर्शक असतं, त्यामुळे बोर्डावरची गोल बॅटरी आतून दिसते. यातल्या एका खुणेवर विसंबू नका. सगळ्या जुळल्या तरच अस्सल म्हणा.

खात्री होत नसेल तर कार्ट्रिज उघडून बोर्डाचा फोटो काढणं उत्तम. गेमबॉय ॲडव्हान्सला तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो. जुना गेमबॉय, सुपर निन्टेंडो आणि निन्टेंडो ६४ च्या कार्ट्रिजना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. दोन्ही ऑनलाइन स्वस्तात मिळतात. महागड्या गेमच्या लिलावात बोर्डाचा फोटो असेल तर घासाघीस करणारे प्रश्न येतच नाहीत.

नकली निघालं तर ते विकू नका. ‘रिप्रॉडक्शन’ असं प्रामाणिकपणे लिहूनही ईबेवर चालत नाही.

मग बॅटरी. पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये खेळाडूची नोंद आणि आतलं घड्याळ, दोन्ही एकाच बॅटरीवर चालतात. म्हणून ती लवकर संपते आणि संपली की सेव्ह पुसलं जातं. रुबी, सॅफायर, एमराल्डमध्ये बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. ती संपली की गेम सुरू करताना तसा संदेश येतो, पण सेव्ह शाबूत राहतं. घेणाऱ्यांना हा फरक नीट माहीत असतो, तुम्हालाही असायला हवा. तपासायचं कसं? गेम सेव्ह करा, बंद करा, कार्ट्रिज काढून एक रात्र ठेवा आणि सकाळी परत लावून बघा. जे दिसेल तेच वर्णनात लिहा.

डिस्कच्या बाबतीत दिव्याखाली धरून दोन्ही बाजू बघा. वाचायच्या बाजूचे हलके ओरखडे फारसे बाधत नाहीत. सीडीत माहितीचा थर अगदी लेबलखाली असतो (डीव्हीडीत तो जाडीच्या मधोमध), म्हणून सीडीच्या चित्राच्या बाजूला खोल ओरखडा असेल तर जास्त काळजी करा.

भाव काढायचा

नव्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे सध्या विक्रीला असलेल्या वस्तूंच्या किमती बघणं. मागायला कुणीही काहीही मागू शकतो. ईबेवर शोधताना ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा, म्हणजे गेल्या सुमारे ९० दिवसांत खरोखर काय गेलं ते दिसेल. प्राइसचार्टिंग या संकेतस्थळावरही सुटा, पूर्ण आणि नवा अशा तिन्ही अवस्थांचे भाव वेगळे मिळतात.

या तीन अवस्था नीट समजून घ्या. सुटा म्हणजे नुसतं कार्ट्रिज किंवा डिस्क. पूर्ण म्हणजे डबा, मॅन्युअल आणि मूळ डब्यात आलेलं बाकी सगळं. जमवणारे त्याला ‘सीआयबी’ (कंप्लीट इन बॉक्स) म्हणतात. नवा म्हणजे कारखान्याचं प्लास्टिक न फोडलेला. निन्टेंडोच्या पुठ्ठ्याच्या डब्यांची किंमत पुष्कळदा आतल्या कार्ट्रिजपेक्षा जास्त असते, कारण मुलांनी ते डबे पहिल्याच दिवशी फेकले. १९९५ मध्ये अमेरिकेत आलेला सुपर निन्टेंडोचा ‘अर्थबाउंड’ हा गेम मोठ्या खोक्यात, गाइडच्या पुस्तकासकट विकला जायचा. खोकं आणि पुस्तक असलेली प्रत आणि नुसतं कार्ट्रिज यांच्या भावात प्रचंड तफावत आहे. म्हणून कपाटातला एकही रिकामा डबा, एकही सुटं मॅन्युअल टाकू नका. तेही विकलं जातं.

प्लेस्टेशन २ च्या डब्याची कड लाल आणि वर ‘ग्रेटेस्ट हिट्स’ लिहिलेलं असेल तर ती नंतरची स्वस्त आवृत्ती. जमवणाऱ्यांना सहसा पहिली, काळ्या कडेची हवी असते. भाव बघताना तुमच्याकडे जी आवृत्ती आहे तिचाच बघा.

जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक प्रत हेरिटेज ऑक्शन्समध्ये १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती बातमी वाचून पुष्कळांनी कपाटं उपसली. ती प्रत सीलबंद होती आणि तज्ज्ञांकडून जवळजवळ निर्दोष ठरलेली. त्याच गेमचं वापरलेलं सुटं कार्ट्रिज पन्नास डॉलरच्या आत मिळतं. मात्र घरात खरोखर सीलबंद गेम निघाला तर तो उघडू नका, पुसूसुद्धा नका, आणि पहिल्या महिन्यात विकू नका.

साफसफाई आणि फोटो

कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा. कापूस काळा निघत राहील तोवर पुसत राहा. प्लास्टिकच्या डब्यावरचं किमतीचं स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू सोडवता येतं. पुठ्ठ्याच्या डब्यावरचं मात्र सोडून द्या. स्टिकरपेक्षा फाटलेल्या पुठ्ठ्याने जास्त नुकसान होतं.

फोटो दिवसाउजेडी, साध्या एकरंगी कापडावर. फ्लॅश नको, चमकणाऱ्या लेबलवर पांढरा डाग पडतो. एका वस्तूला २४ पर्यंत फोटो फुकट लावता येतात, तर हात आखडू नका: पुढून, मागून, चारही कडा, खालच्या पट्ट्या, मॅन्युअलची पानं, चालू असलेल्या गेमचा पडदा. डब्याचा चेपलेला कोपरा, लेबलवर मुलाने मार्करने लिहिलेलं नाव, ते तर जवळून घ्याच. दोष दाखवला की किंमत पडते अशी भीती असते. माझा अनुभव असा की दिसलेला दोष गिऱ्हाईक हिशोबात धरतो आणि पुढे जातो. न दिसलेल्या बाजूबद्दल मात्र तो वाईटात वाईट कल्पना करतो.

कन्सोल विकत असाल तर सिरियल नंबरचाही फोटो ठेवा. तो पुढे उपयोगी पडेल.

शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. गेमचं पूर्ण नाव, कन्सोल, अवस्था, अस्सल असल्याचा उल्लेख आणि तपासलेलं आहे का, एवढं त्यात बसवा. ‘दुर्मीळ’, ‘जबरदस्त’ असल्या शब्दांवर ती अक्षरं वाया घालवू नका, कारण ते शब्द टाकून कुणी शोधत नाही. वर्णन अर्थातच इंग्रजीत लिहायचं, पण त्याचा आशय असा असावा: ‘सुटं कार्ट्रिज, अस्सल, बोर्डाचा फोटो दिला आहे. सेव्ह रात्रभर ठेवून तपासलं, टिकलं. घड्याळाची बॅटरी संपलेली आहे. लेबलच्या उजव्या कोपऱ्यावर ओरखडा, सातव्या फोटोत बघा. धूम्रपान न करणाऱ्या घरातून.’ बस्स. लांबलचक कहाणी नको.

लिलाव लावताना

प्रत्येक गेम लिलावाला लावू नका. ज्याचा भाव स्थिर आहे आणि ज्याच्या शेकडो प्रती विक्रीला आहेत, तो ठरलेल्या किमतीला लावलेला बरा. ज्याच्या मागे माणसं लागतात, ज्याचा भाव प्रतीच्या अवस्थेवर खूप हलतो, किंवा जो क्वचितच विक्रीला येतो, त्याला लिलाव.

ईबेवरची बोली कशी वाढते ते समजलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुपचूप सांगतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा एकाने ६० डॉलर सांगितले आणि दुसऱ्याने ४५. गेम जाईल ४६ डॉलरला, कारण त्या टप्प्यात बोली एकेका डॉलरने चढते. म्हणजे किंमत ठरवतो तो हरलेला, दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. तुम्हाला एक वेडा चाहता पुरत नाही, दोन लागतात.

म्हणूनच सुरुवातीची किंमत विचाराने ठेवा. ज्या गेमला हमखास मागणी आहे तो ९९ सेंटपासून सुरू केला तर लवकर बोली येतात, बघणारे वाढतात. पण एखादा आडवळणाचा गेम असा सोडला आणि त्या आठवड्यात एकच इच्छुक आला, तर तो ९९ सेंटलाच जाईल आणि द्यावा लागेल. अशा वस्तूला तुमची किमान रक्कम हीच सुरुवात ठेवा. राखीव किंमत ठेवायची सोय आहे, पण तिला वेगळी फी पडते आणि बोली लावणारे तिला बिचकतात. मी ती सुचवणार नाही.

मुदत ७ दिवस, शेवट रविवारी संध्याकाळी. पॅसिफिक वेळेनुसार ६ च्या सुमारास संपवलं तर न्यू जर्सीत रात्रीचे ९ वाजलेले असतात, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं घरी असतात. एकाच कन्सोलचे गेम दहा-दहा मिनिटांच्या अंतराने संपतील असे लावा आणि एकत्र पाठवल्यास टपालात सूट द्या. एक हरलेला माणूस पुढच्यावर जोर लावतो. एकाच गेमच्या दोन प्रती मात्र एकाच आठवड्यात नकोत.

सहा दिवस काहीच हालचाल दिसणार नाही. घाबरू नका. इथे शेवटच्या क्षणी बोली आली म्हणून वेळ वाढत नाही, त्यामुळे अनुभवी लोक अखेरच्या काही सेकंदांपर्यंत थांबतात. मधेच कुणीतरी ‘आत्ता लिलाव बंद करून मला चाळीसला दे’ असा निरोप पाठवेल. नम्रपणे नाही म्हणा. ज्याला मधेच हवं असतं त्याला भाव माहीत असतो. आणि भाच्याला किंवा मित्राला सांगून बोली चढवू नका. त्याला बंदी आहे, खातं जाऊ शकतं, आणि मुळात ती फसवणूक आहे.

हातात किती येतात

ईबेची फी साधारण १३ टक्क्यांच्या थोडी वर, आणि ती नुसत्या किमतीवर नसते. टपालखर्च आणि सेल्स टॅक्स धरून येणाऱ्या एकूण रकमेवर असते. वर प्रत्येक ऑर्डरला काही सेंट. गेम ५० डॉलरला गेला, टपालाचे ५ घेतले, कर साडेतीन धरला, तर फी आठ डॉलरच्या थोडी वर जाते. टपाल आणि पॅकिंग वजा जाता तुमच्या खिशात चाळीसच्या आसपास उरतात. हा हिशोब आधी केला की कोणता गेम एकटा विकायचा आणि कोणता लॉटमध्ये टाकायचा हे आपोआप कळतं. दुकानाचं वर्गणी खातं नसलं तरी महिन्याला २५० वस्तू बिनखर्चाने लावता येतात, तेव्हा लावण्याच्या फीची चिंता नको.

पाठवणी

टपाल खात्याचा मीडिया मेल (पुस्तकं वगैरेंसाठीचा सवलतीचा दर) स्वस्त आहे म्हणून तो वापरायचा मोह होतो. व्हिडिओ गेम त्यात चालत नाहीत. पाकीट उघडून तपासायचा अधिकार टपाल खात्याला आहे, आणि पकडलं तर फरकाचे पैसे घेणाऱ्याकडून मागितले जाऊ शकतात. टपाल खात्याचीच ग्राउंड ॲडव्हांटेज ही सेवा वापरा. त्यात ट्रॅकिंग आणि १०० डॉलरपर्यंतचा विमा आलाच. लेबल ईबेवरूनच काढा, टपाल कचेरीच्या खिडकीपेक्षा स्वस्त पडतं. वजन लिलाव लावायच्या आधीच स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून ठेवा.

सुटं कार्ट्रिज छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून, बबल रॅपचे दोन वेढे देऊन, जाड पाकिटात गेलं तरी चालतं. पुठ्ठ्याचा डबा असलेला गेम मात्र खोक्यातच, आणि हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये. डिस्कचा डबा बंद करण्यापूर्वी डिस्क मधल्या खुंटीवर घट्ट बसली आहे ना ते बघा. सुटलेली डिस्क प्रवासभर घासत राहते. चिकटपट्टी कधीही थेट डब्याला लावू नका. पैसे आल्यावर एक-दोन दिवसांत पाठवा, आणि ऑर्डरमध्ये दिलेल्या पत्त्यावरच पाठवा. ‘भावाच्या पत्त्यावर पाठव’ असा निरोप आला तर ऑर्डर रद्द करून नव्याने घ्यायला सांगा, कारण पत्ता बदललात की ईबेचं संरक्षण गेलं. ७५० डॉलर किंवा त्यावरच्या वस्तूला सहीनिशी पोच घेणं त्याच संरक्षणासाठी आवश्यक आहे.

परदेशी गिऱ्हाइकांसाठी ईबेची आंतरराष्ट्रीय पाठवणी योजना सुरू ठेवा. तुम्ही वस्तू अमेरिकेतल्याच त्यांच्या केंद्रात पाठवायची, पुढचं कस्टम वगैरे ते बघतात.

विकल्यानंतरच्या कटकटी

जिंकूनही पैसे न देणारे भेटतात. चार दिवस थांबा, मग ऑर्डर रद्द करा आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या रकमेला देऊ करा. तसं बटण तिथेच आहे.

‘परत घेणार नाही’ असं लिहिलं असलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नाही अशी तक्रार आली तर परत घ्यावीच लागते. पोचल्यापासून ३० दिवस ती मुभा घेणाऱ्याला आहे. तेव्हा तुमचे फोटो कामाला येतात. क्वचित कुणी आपलं बिघडलेलं यंत्र परत पाठवून तुमचं ठेवून घेतो. सिरियल नंबरचा फोटो तिथे उपयोगी. फोन नंबर मागणारे, ईबेबाहेर पैसे देतो म्हणणारे, चेकने जास्त रक्कम पाठवून फरक परत मागणारे, या सगळ्यांना उत्तर एकच: व्यवहार ईबेवरच होईल.

एक वही किंवा स्प्रेडशीट पहिल्या दिवसापासून ठेवा: गेम केवढ्याला घेतला होता, केवढ्याला गेला, फी किती, टपाल किती. घरातली वस्तू खरेदीपेक्षा कमी किमतीत विकली तर त्यावर आयकर लागत नाही, पण जास्त किमतीत गेली तर तो नफा दाखवावा लागतो. जुन्या पावत्या नसतील तर त्या काळच्या छापील किमती शोधून नोंदवा आणि आपल्या सीपीएला विचारा. ते काम एप्रिलमध्ये करण्यापेक्षा प्रत्येक विक्रीच्या दिवशी करणं कितीतरी सोपं जातं.